घरची ओढ आणि मैत्रीची घडण

ग्रंथ आणि बालमन

माणूस घरापासून दूर गेला म्हणजे त्याच्या मनाची जी अवस्था होते ती सांगण्यास मराठी भाषेला 'करमत नाही' एवढे दोन शब्द पुरतात. या शब्दांत घराचा उल्लेखही नाही. आहे तेथे मन लागत नाही, वेळ जाता जात नाही, इतकेच ते सांगतात. उरलेले ऐकणाऱ्याने समजून घ्यावयाचे असते. जुन्या मराठी वाङ्मयात ही व्यथा मुख्यतः सासुरवाशिणीच्या वाट्याला आलेली आहे. पहाटे जात्यावर दळताना बायकांनी ज्या असंख्य ओव्या रचल्या, त्यांत माहेराची वाट आहे, भावाची प्रतीक्षा आहे आणि आईच्या हातच्या घासाची आठवण आहे. लग्न होऊन गेलेली ती मुलगी पुष्कळदा आठदहा वर्षांचीच असे, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या ओव्या एका परीने बालकांच्याच दुःखाचे वाङ्मय ठरतात.

इंग्रजी भाषेत या दुःखाचा वारसा शाळकरी मुलाकडे गेला. सुस्थितीतील इंग्रज कुटुंबांत मुलास लहान वयातच वसतिगृहाच्या शाळेत धाडण्याची प्रथा होती, आणि साम्राज्याच्या विस्ताराबरोबर ती अधिकच दृढ झाली. वसाहतींत चाकरी करणारे अधिकारी आपली मुले शिक्षणासाठी विलायतेस परत पाठवीत. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगला 1871 साली, वयाच्या सहाव्या वर्षी, इंग्लंडमधील साउथसी येथे परक्या कुटुंबात ठेवण्यात आले. त्या वर्षांची कटुता त्याने 1888 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कथेत ओतली आहे. अशा समाजात शाळेच्या गोष्टींचा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार उदयास यावा यात नवल नाही. प्रथम तो मुलांच्या शाळांपुरता होता, पुढे मुलींच्या शाळाही त्यात आल्या. मुलींच्या शाळांच्या अशा कथांत एनिड ब्लायटन यांची 'मॅलरी टॉवर्स' ही मालिका विशेष लोकप्रिय झाली. जेथे जेथे शाळांतून इंग्रजी शिकविले गेले तेथे तेथे ती पोचली.

या मालिकेची मूळ पुस्तके सहा. पहिले 1946 साली निघाले आणि सहावे 1951 साली. दरवर्षी एक असा क्रम होता. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर, समुद्राकडे तोंड करून उभी असलेली चार मनोऱ्यांची शाळा हे कथेचे स्थळ होय. खडकांत खोदलेले, भरतीच्या पाण्याने भरणारे पोहण्याचे तळे हे त्या शाळेचे भूषण आहे. डॅरेल रिव्हर्स ही बारा वर्षांची मुलगी पहिल्या पुस्तकात तेथे दाखल होते आणि सहाव्या पुस्तकाच्या शेवटी शाळेचा निरोप घेते. रहस्य, चोर, गुप्त भुयारे या ब्लायटनबाईंच्या नित्याच्या सामग्रीस येथे फारसे स्थान नाही. कोणाची कोणाशी गट्टी जमली, कोणाची तुटली, कोण एकटी पडली, याच घटनांवर सहा पुस्तके उभी आहेत. प्रौढ वाचकास हे विषय क्षुल्लक वाटतील. पण बारा वर्षांच्या मुलीचे सारे जग याच घटनांचे बनलेले असते.

लेखिकेचे चरित्र या संदर्भात पाहण्याजोगे आहे. एनिड ब्लायटन यांचा जन्म 1897 सालचा. त्या स्वतः वसतिगृहात राहिल्या नव्हत्या. घरून जाऊन येऊनच त्यांनी शिक्षण घेतले आणि पुढे काही काळ शिक्षिकेचे कामही केले. परंतु त्यांच्या वयाच्या तेराव्या वर्षी वडील दुसऱ्या स्त्रीसाठी घर सोडून गेले. आईने ही गोष्ट शेजाऱ्यापाजाऱ्यांपासून लपविली. वडील काही दिवसांसाठी बाहेरगावी गेले आहेत असेच मुलांनी सांगावे असा घरातील दंडक होता. घर जागच्या जागी असूनही हरवते, आणि त्याविषयी बोलण्याची मुलाला चोरी असते, हा अनुभव त्यांनी लहानपणीच घेतला होता. पुढे 1943 साली त्यांनी केनेथ डॅरेल वॉटर्स या शस्त्रवैद्याशी दुसरा विवाह केला. मालिकेच्या नायिकेचे नाव डॅरेल आहे, तिचे आडनाव नदीवाचक आहे आणि तिचे वडील शस्त्रवैद्यच आहेत, हा योगायोग खास नव्हे. जे घर लेखिकेला बालपणी अखंड लाभले नाही ते तिने आपल्या नायिकेस मुक्तहस्ताने दिले, असे म्हणावयास हरकत नाही.

पहिल्या पुस्तकात एकाच दिवशी, एकाच आगगाडीने तीन नव्या मुली त्या शाळेस जातात. डॅरेल ही त्यांतली पहिली. तिला घरचे प्रेम पोटभर मिळालेले असल्यामुळे घर सोडताना तिचा पाय फारसा अडखळत नाही. निरोपाच्या वेळी ती थोडी हळवी होते, पण गाडी हलताच तिचे डोळे नव्या गोष्टींकडे वळतात. दुसरी ग्वेंडोलिन मेरी. ती एकुलती एक, लाडावलेली. तोवर घरीच शिक्षिकेकडे शिकलेली. स्टेशनवर ती, तिची आई आणि ती शिक्षिका अशा तिघीही रडत असतात आणि भोवतालचे लोक अवघडून पाहत असतात. तिसरी सॅली होप. ती रडत नाही, हसत नाही, कोणाशी बोलतही नाही. वेणी नीट, कपडे नीट, अभ्यास नीट. वर्गातील मुलींना ती कंटाळवाणी वाटते. शिक्षिकांना तिच्याविषयी तक्रार करावयास जागाच नसते.

या तिघींपैकी घरच्या आठवणीने सर्वांत अधिक पोळलेली कोण, हे ओळखणे वाचकास प्रथम जमत नाही. रडणारी ग्वेंडोलिन सर्वांच्या नजरेत भरते. सॅली मात्र दिसूनही दिसत नाही. पुढे डॅरेलला आपल्या आईकडून कळते की सॅलीला एक तान्ही बहीण आहे. ही सहज गोष्ट तिने बोलून दाखविताच सॅली तुटकपणे सांगते की आपल्याला बहीण नाही. अर्ध्या सत्राच्या सुट्टीत डॅरेल पुन्हा तो विषय काढते, शब्दाने शब्द वाढतो, आणि तापट डॅरेल तिला जोराने ढकलते. त्याच रात्री सॅली पोटाच्या वेदनेने आजारी पडते. आपल्यामुळेच हे झाले या भयाने डॅरेल तळमळत राहते. वस्तुतः सॅलीच्या आंत्रपुच्छाला सूज आलेली असते, आणि डॅरेलचे वडील त्या भागात आलेले असल्यामुळे रात्रीच शस्त्रक्रिया करून तिचे प्राण वाचवितात. शरीराचा रोग असा एका रात्रीत उघड झाला, त्याप्रमाणे मनाचा रोगही मग उघड होतो. तान्ही बहीण आली म्हणून आपल्याला घराबाहेर काढले, ही समजूत त्या मुलीने इतके दिवस पोटात ठेवलेली असते. आई भेटीस येते, तेव्हा ती गाठ सुटते.

ही कथा सोप्या भाषेत लिहिलेली आहे, तिच्यातील योगायोगही ढोबळ आहेत; तथापि बालमनाविषयी एक खोल सत्य तिने अचूक पकडले आहे. घरापासून दूर असलेल्या मुलाला छळणारी गोष्ट पुष्कळदा अंतराची नसते. आपली जागा आता दुसऱ्या कोणी घेतली असेल, आपल्यावाचून घर सुखात असेल, ही शंका त्याला छळते. ज्या मुलाला परत गेल्यावर आपली जागा रिकामीच सापडेल असा भरवसा आहे, ते मूल शंभर कोसांवरही रमते. ज्याला तो भरवसा नाही ते पाच कोसांवरही रमत नाही. डॅरेल आणि सॅली यांच्यात फरक आहे तो एवढाच.

मैत्रीचा प्रश्न येथूनच पुढे निघतो. डॅरेलला प्रथम अ‍ॅलिशिया आवडते. ती हुशार, विनोदी आणि चटपटीत; शाळेतील प्रत्येक खोडीच्या मुळाशी तीच. परंतु अ‍ॅलिशियाला अगोदरच बेटी नावाची जिवलग मैत्रीण आहे. डॅरेल त्या दोघींच्या मागेमागे राहते, थोडी जागा मिळावी म्हणून धडपडते, आणि आपण तेथे तिसऱ्या आहोत हे तिला हळूहळू कळत जाते. त्याच वेळी मेरी-लू नावाची भित्री मुलगी डॅरेलच्या मागेमागे असते आणि डॅरेलला तिचा कंटाळा येतो. म्हणजे जे दुःख डॅरेल अ‍ॅलिशियाकडून सोसते तेच ती नकळत मेरी-लूला देत असते. पुढे मेरी-लूचे पेन कोणी तरी मुद्दाम फोडते आणि शाई डॅरेलच्या बुटांना लागलेली आढळते. हुशार अ‍ॅलिशिया संशय घेऊन दूर होते. भित्री मेरी-लू आणि अबोल सॅली डॅरेलवर विश्वास ठेवतात. सत्य बाहेर येते तेव्हा डॅरेलला आपली खरी मैत्रीण कोण ते कळलेले असते. सॅली आणि डॅरेल यांची जोडी येथे जमते ती शेवटपर्यंत टिकते.

टिकते याचा अर्थ तिला धक्का लागत नाही असा नव्हे. तिसऱ्या पुस्तकात सॅली आजाराच्या कारणाने उशिरा शाळेस येते. बेटीही त्या वेळी नसते. साहजिकच डॅरेल आणि अ‍ॅलिशिया एकत्र येतात, आणि परत आलेल्या सॅलीला आपल्या जागी दुसरी कोणी बसलेली दिसते. घरी तान्ह्या बहिणीने दिलेले दुःख तिला शाळेत पुन्हा भोगावे लागते. माणसाची जखम एकदा भरली म्हणजे ती जागा हळवी राहतच नाही असे नाही, हे येथे लेखिकेने कोणताही उपदेश न करता दाखविले आहे. सॅली समंजस आहे, वर्गाची प्रमुख झालेली आहे, आणि तरीही मत्सराने पोळते. चांगल्या मुलीलाही मत्सर वाटतो आणि तो वाटला म्हणून ती वाईट ठरत नाही, हे वाचून किती तरी बालवाचकांच्या मनावरचे ओझे उतरले असेल.

याच पुस्तकात विल्हेल्मिना नावाची मुलगी येते. सात भावांत वाढल्यामुळे ती 'बिल' या नावानेच ओळखली जाते. ती आपला घोडा, थंडर, शाळेत घेऊन येते. वर्गात तिचे लक्ष नसते. मन तबेल्याकडे धावत असते. वर्गशिक्षिका कडक, ती घोड्याकडे जाण्यासच बंदी करते. वरवर पाहता हा शिस्तीचा प्रश्न आहे. परंतु त्या मुलीच्या दृष्टीने तो घोडा म्हणजे घराचा उरलेला एकुलता एक तुकडा होय. पुढे घोडा पोटदुखीने मरणाच्या दारी जातो, तेव्हा तीच कडक शिक्षिका रात्री घोड्यावर बसून गुरांच्या वैद्याला आणावयास निघते. शिक्षिका आणि विद्यार्थिनी यांचे नाते त्या रात्री बदलते, आणि त्यानंतर बिलचे लक्ष वर्गात लागू लागते. शिस्त मोडली असे कोणी म्हणत नाही. कारण समजून घेतल्यावर शिस्तीची गरजच उरली नाही, असे मात्र म्हणता येईल.

दुसऱ्या पुस्तकातील एलेन ही मॉरिशसच्या वाचकांना अधिक ओळखीची वाटेल. ती शिष्यवृत्तीवर आलेली, साधारण स्थितीतील मुलगी. आपल्यासाठी आईबापांनी खर्च केला आहे, आपण पहिले आलेच पाहिजे, या चिंतेने ती रात्रंदिवस पुस्तकांत बुडते. मैत्री करावयास तिला सवड नाही, खेळावयास मन नाही. डोके दुखू लागते, स्वभाव चिडखोर होतो. शेवटी परीक्षेची प्रश्नपत्रिका चोरून पाहण्याच्या मोहापर्यंत ती पोचते आणि आजारी पडते. ज्या बेटावर शालान्त परीक्षेतील अव्वल विद्यार्थी 'लॉरिएट' म्हणून गौरविले जातात, त्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकतात आणि शिष्यवृत्तीवर ते परदेशी जातात, त्या बेटावर एलेनची कथा परकी नाही. शाळेनंतर शिकवणी आणि शिकवणीनंतर पुन्हा अभ्यास अशा चक्रात वाढणाऱ्या मुलांस मैत्रीसाठी वेळ मिळत नाही. पुढे अठराव्या वर्षी ती लंडनला किंवा पॅरिसला एकटी जातात. एकटे असताना माणूस कसा जोडावा हा धडा तोवर त्यांच्या कोणत्याही पुस्तकात आलेला नसतो.

आता ग्वेंडोलिनचा विचार करावयास हवा, कारण या मालिकेचे सामर्थ्य जसे सॅलीच्या कथेत आहे तसा तिचा दोष ग्वेंडोलिनच्या कथेत आहे. स्टेशनवर रडणारी ही मुलगी सहा वर्षे सर्वांच्या थट्टेचा विषय होऊन राहते. तिच्यात दोष पुष्कळ आहेत. ती आळशी आहे, ढोंगी आहे. मेरी-लूचे पेन फोडणारी तीच, आणि तळ्यात मेरी-लूला पाण्याखाली दाबून ठेवणारीही तीच. परंतु तिच्या वागण्यामागे एक सलग धडपड दिसते. दर सत्रास ती नव्या मुलीला गाठते आणि जिवलग मैत्रीण करू पाहते. डॅफनी श्रीमंत वाटली म्हणून तिच्याशी गट्टी केली. ती चोरी करते हे कळले, आणि वादळी रात्री कड्यावरून घसरलेल्या मेरी-लूचा जीव वाचविल्यावर डॅफनी मेरी-लूचीच मैत्रीण झाली. मग अमेरिकेहून आलेली झेरेल्डा. मग उमराव घराण्यातील क्लॅरिसा. तीही घोड्यांच्या प्रेमामुळे बिलकडे गेली. प्रत्येक वेळी ग्वेंडोलिन एकटीच मागे उरते.

तिला खरी मैत्रीण हवी आहे, पण मैत्रीण म्हणजे काय याची तिची कल्पना घरातून आलेली आहे. घरी आई आणि शिक्षिका तिचे सारे ऐकत, तिची स्तुती करीत आणि तिच्यासाठी रडत. शाळेत येऊन ती अशीच एखादी आई शोधीत राहिली. सॅलीने आपले दुःख दडविले, ग्वेंडोलिनने आपले दुःख मिरविले; दोघींचे मूळ मात्र एकच होते. सॅलीला समजून घेण्यासाठी लेखिकेने एक संपूर्ण पुस्तक दिले. ग्वेंडोलिनच्या वाट्याला पाच पुस्तके हसू आले. अश्रू गिळणारे मूल शूर आणि अश्रू ढाळणारे मूल हास्यास्पद, हा तत्कालीन इंग्रजी शाळांचा दृष्टिकोन लेखिकेने तपासून न पाहता स्वीकारला होता. गोष्टीतील फ्रेंच शिक्षिकांकडे पाहावे म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. मामझेल द्युपाँ मायाळू आहेत, त्यांचे मन लवकर हेलावते. आणि याच कारणाने त्या पुस्तकभर खोड्यांचे लक्ष्य होतात. ज्या देशात फ्रेंच आणि क्रिओल या नित्याच्या भाषा आहेत तेथील बालवाचकाने त्या ठिकाणी थोडे थांबून विचार करावा हे इष्ट होय.

लेखिकेलाही ही उणीव कोठे तरी जाणवली असावी. पाचव्या पुस्तकात मॉरीन नावाची मुलगी येते. तिची पूर्वीची शाळा बंद पडलेली आहे आणि ती उठताबसता त्या जुन्या शाळेचेच गोडवे गाते. घराऐवजी शाळेसाठी झुरणारे असे मूल बालवाङ्मयात विरळा. मॉरीनचे फिके केस, तिची आत्मस्तुती, तिचे मुळूमुळू रडणे पाहून वर्गातील मुली ती ग्वेंडोलिनसारखीच आहे असे ठरवितात, आणि ग्वेंडोलिनला आयुष्यात प्रथमच स्वतःकडे बाहेरून पाहावे लागते. सहाव्या पुस्तकात तिचे वडील गंभीर आजारी पडतात. स्वित्झर्लंडला जाण्यासाठी ज्या वडिलांशी ती हट्टाने भांडली होती त्यांच्याकडे तिला तातडीने परतावे लागते, आणि सर्व बेत कोसळतात. वडील वाचतात, पण तिला नोकरी धरावी लागणार हे ठरून जाते. घरी जाण्यासाठी सहा वर्षे रडलेली मुलगी अखेर घरी जाते, तेव्हा त्या घराला तिच्या आधाराची गरज असते. डॅरेल तिच्याविषयीची अढी सोडून तिला पत्र लिहिते. मैत्री जमली असे लेखिका म्हणत नाही, पण थट्टा मात्र संपते. संपूर्ण मालिकेतील हा भाग सर्वांत प्रौढ म्हणावा लागेल.

आणखी एक प्रसंग पालकांनी अवश्य वाचण्यासारखा आहे. चौथ्या पुस्तकात डॅरेलची धाकटी बहीण फेलिसिटी शाळेत दाखल होते. आता डॅरेल अनुभवी. धाकटीने कोणाशी मैत्री करावी हे तिने मनाशी ठरवून ठेवलेले असते. परंतु फेलिसिटीला आवडते ती धीट, उद्धट जून. डॅरेल चिडते, समजावते, रुसते. सुदैवाने हे प्रकरण फार ताणले जात नाही. फेलिसिटी आपल्याच अनुभवाने जूनपासून दूर होते आणि सूझन या समंजस मुलीकडे वळते. स्वतः डॅरेलला अ‍ॅलिशियाकडून सॅलीकडे येण्यास एक सत्र लागले होते, हे ती विसरलेली असते. पुष्कळ वडीलधारी माणसे हे असेच विसरतात.

मराठी वाचकाला या ठिकाणी साने गुरुजींच्या श्यामची आठवण होणे अपरिहार्य आहे. 'श्यामची आई' 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेले आणि 1935 साली प्रसिद्ध झाले. श्यामही शिक्षणासाठी पालगडहून दापोलीस जाऊन राहतो, आणि त्याची पावले पुनःपुन्हा घराकडे वळतात. दोन्ही लेखकांची दृष्टी मात्र निराळी आहे. श्यामच्या जगात सर्व बऱ्यावाइटाचे माप आईपाशी आहे. दूर असतानाही तो आईच्याच डोळ्यांनी स्वतःकडे पाहतो. मॅलरी टॉवर्समध्ये घर सत्राच्या आरंभी आणि शेवटी दिसते, मधल्या काळात मुलींनी एकमेकींच्या डोळ्यांत स्वतःला पाहावयाचे असते. पहिल्या दृष्टीत माया अधिक आहे, दुसरीत मोकळीक अधिक आहे. श्याम वाचणाऱ्या मुलाला रडण्याची लाज वाटत नाही, आणि डॅरेल वाचणाऱ्या मुलाला परक्यांत जाण्याची भीती वाटत नाही. मॉरिशसमधील मराठी मुलांच्या हाती ही दोन्ही पुस्तके येऊ शकतात हे त्यांचे भाग्यच म्हणावयाचे.

घर सोडल्यावर परक्यांतून आप्त निर्माण करण्याची कला या बेटाला नवी नाही. 1834 पासून करारबद्ध मजुरांची जहाजे पोर्ट लुईच्या बंदरात लागू लागली. मुंबईच्या वाटेने कोकणातील माणसेही त्यांतून आली. बंदरावरच्या त्या सोळा पायऱ्या ज्यांनी चढल्या त्यांच्यात लहान मुलेही होती. एका जहाजातून आलेली माणसे एकमेकांना जहाजी भाई म्हणत आणि ते नाते रक्ताच्या नात्यासारखे पाळीत. त्यांच्यापुढे परतीच्या सुट्टीचे वेळापत्रक नव्हते, घरून पत्र येईल ही आशाही बहुतेकांस नव्हती. वसतिगृहातील सुखवस्तू मुलींचे दुःख आणि कोठीवरील मजुराचे दुःख एका तागडीत घालणे अन्यायाचे होईल. तरीही दोन्हीकडे मनाला पहिला आधार दिला तो शेजारच्या परक्या माणसानेच. कोणी तरी आपले दुःख ऐकून घेतले म्हणून मन लागले. घर विसरावे लागले नाही. संध्याकाळच्या बैठकांतून भाषा आणि भजने जतन झाली, ती याच कारणाने.

आजही मॉरिशसच्या प्रत्येक मराठी कुटुंबाला या विषयाशी कर्तव्य आहे. मुले गावची शाळा सोडून मोठ्या शहरातील महाविद्यालयात जातात, जुने सोबती दुरावतात, नव्या वर्गात सर्वांच्या जोड्या अगोदरच जमलेल्या असतात. पुढे त्यांतील कित्येक मुले इंग्लंड, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया किंवा भारत येथे जातात. अशा वेळी वडीलधाऱ्यांकडून दोन चुका सहज होतात. जे मूल रडते त्याला 'एवढे काय त्यात' म्हणून गप्प केले जाते. जे मूल रडत नाही ते 'छान रमले' असे समजून त्याच्याकडे पाहिलेही जात नाही. पहिली चूक ग्वेंडोलिनच्या बाबतीत झाली, दुसरी सॅलीच्या.

शिक्षकाने वर्गातील नीटनेटक्या, अबोल, कसलीच तक्रार नसलेल्या मुलाकडे आठवड्यातून एकदा तरी निवांत पाहावे आणि त्याच्या घरी अलीकडे काय बदलले आहे ते विचारावे. नवे भावंड आले असेल, वडील कामानिमित्त दूर गेले असतील, आजी वारली असेल. पालकांनी दूर असलेल्या मुलाला अभ्यासाविषयी विचारण्यापूर्वी तो कोणाबरोबर जेवतो ते विचारावे. घरी त्याची खाट, त्याचे कपाट, त्याची पुस्तके जागच्या जागी आहेत हे त्याला सहज बोलता बोलता कळू द्यावे. मुलगी आज एकीचे नाव घेते आणि महिन्याने दुसरीचे, म्हणून तिला चंचल ठरवू नये. ती माणसे ओळखावयास शिकत आहे. ही सहा पुस्तके शाळेच्या ग्रंथालयात असतील तर ती मुलांना जरूर वाचू द्यावीत. परंतु ती वाचून झाल्यावर मुलांना एक प्रश्न अवश्य विचारावा: पहिल्या दिवशी स्टेशनवर रडणाऱ्या त्या मुलीच्या शेजारी जाऊन तुम्ही बसला असता काय?